दुसऱ्याच्या फोटोतलं माझं नाक

रहिमतपूरच्या पुढं दोन कोसांवर एक गाव आहे. तिथल्या एका घरात, देवळीच्या वर, लष्करी गणवेशातल्या एका जवानाचा फोटो लावलेला आहे. गणवेश त्याचा आहे, पट्टा त्याचा आहे, बूट त्याचे आहेत. चेहरा माझा आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. मित्रांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांनी ते पहिल्या चहाबरोबर गावभर केलं असतं.

सगळाच चेहरा माझा आहे असं म्हणणं खरं होणार नाही. मिशी त्याची आहे. कपाळ कुणाचंच नाही. नाक मात्र नक्की माझं, आणि डोळेही बरेचसे. मी मुळातच कमी बोलणारा. गिऱ्हाइकाला ‘हनुवटी वर’ आणि ‘हलू नका’ एवढं सांगितलं की माझं दिवसाचं बोलणं संपायचं. तेव्हा जे सांगायचं ते क्रमानं सांगतो.

लढाईच्या वर्षांत साताऱ्यात माझं फोटोचं दुकान होतं. पुढं एक खोली आणि मागं फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायची अंधारी खोली. पेठेत आणखी एक फोटोग्राफर होते. त्यांच्याकडं विजेचे दिवे होते आणि रंगवलेला पडदा होता. पडद्यावर संगमरवरी जिना, जिन्याखाली तळं, तळ्यात दोन हंस. गुळाचा आडत्या त्या जिन्याला टेकून उभा राहिला की आपण आत्ताच वरच्या मजल्यावरून उतरलो असं त्याला स्वतःलाही वाटायचं. माझ्याकडं दिवे नव्हते. म्हणून मी पाटी लावली, ‘मोकळ्या हवेत, नैसर्गिक उजेडात फोटो काढून मिळतील.’ गरिबीला तत्त्वाचं नाव दिलं की लोक मान देतात, हे मला त्या वयातच कळलं होतं.

पण माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेलं भिंग देखावे काढायचं होतं. महाबळेश्वरच्या दऱ्या काढाव्यात तर त्यानंच. माणसाचा चेहरा घ्यायचा म्हणजे मात्र फार जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की त्या भिंगाला नाक हाच डोंगर वाटे, कान पार दरीपलीकडं जात. एक वकीलसाहेब होते. त्यांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडं धरला, खाली ठेवला, परत उचलला.

“हे कोण?”

“आपणच, साहेब.”

“हे नाक माझं?”

“फोटोत माणूस जरा वेगळा दिसतोच.”

“आमच्या घराण्यात असलं नाक कुणाचं नाही हो.”

“वेगळा दिसतोच, साहेब. उजेडाचा गुण असतो.”

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारे गृहस्थ, पण ह्या वाक्यावर त्यांनी पाकीट काढून पैसे मोजले. फोटो घरी नेऊन त्यांनी चौकटीत बसवला. त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं धंदा केला. पुढंपुढं गिऱ्हाईकच मला ते म्हणू लागलं.

दुसरी अडचण पायांची होती. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. रजेवर आला की त्याचा फोटो व्हायचाच. पण पलटणीतल्या माणसाचा फोटो छातीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत काढला तर घरची माणसं तो हातात घेत नसत. फोटोत पाय कापले गेले तर माणूस आपल्या पायांनी घरी येत नाही, अशी समजूत होती. त्यामुळं बूट यायलाच हवेत. बूट घ्यायचे तर लांब जायला हवं, आणि लांब गेलं की माझ्या देखाव्याच्या भिंगातून जवान गोठ्याच्या खुंट्याएवढा दिसायचा. थोडक्यात, जवळून नाक आणि लांबून खुंटा. मला माणसांसाठी दुसरं भिंग हवं होतं.

सांगलीत एका जुन्या फोटोग्राफरांनी काम बंद केलंय असं कळलं. मोतीबिंदू झाला होता, मिरजेच्या दवाखान्यात एका डोळ्याचा काढून घेतला होता, दुसऱ्याचं धैर्य होत नव्हतं. मिरजेला गाडी बदलून मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चटईवर दोन भिंगं ठेवली. एक काळं, आखूड, पानसुपारीच्या डबीत मावेल असं. दुसरं पितळी, तांब्याएवढं, वर कोरीव जर्मन अक्षरं.

“काय काढणार?” त्यांनी विचारलं.

“माणसं. उघड्यावर.”

“बसलेली का उभी?”

“उभी, काका. बुटांसकट.”

“मग हे काळं घ्या. दिसायला दरिद्री आहे, पण डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं सारखं धरतं. उजेड थोडा जास्त मागतं. तुम्ही उघड्यावर काढणार, तुम्हाला उजेडाला काय तोटा?”

“आणि हे?”

“हे खोलीतलं. माणूस बसवा, नुसता चेहरा घ्या, लोण्यासारखा येईल. पण ह्याला मधलं तेवढं दिसतं. मधोमध जे असेल ते स्वच्छ, वर-खाली, कडेला सगळं विरघळलेलं. उजेड कमी करायला आत घालायच्या भोकांच्या पट्ट्या होत्या, त्या घातल्या की कडा सुधारायच्या. त्या हरवल्या.”

मी पितळी भिंग उचललं. चांगलं जड होतं. पितळेत मला माझा चेहरा दिसला आणि तो मला बरा वाटला.

म्हातारबुवांना एका डोळ्यानंसुद्धा सगळं दिसत असावं. ते म्हणाले, “तुम्हाला त्यातून बघायचंय, का ते लोकांना दाखवायचंय?”

“दोन्ही.”

“दोन्ही होत नसतं. बघा बुवा, मी सांगितलं. सांगितलं नाही म्हणू नका.”

सांगितलं नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. मी पितळी घेतलं.

साताऱ्यात आल्यावर चिंचेनं घासून ते असं लखलखीत केलं की पेठेतली पोरं त्यात केस विंचरून जायची. लोकांनी त्याचं नाव तोफ ठेवलं. ह्या भिंगातून माणसाचं शील दिसतं असा शोध एका मास्तरांनी लावला आणि तेव्हापासून स्वतःचा फोटो काढायचं टाळलं. वकीलसाहेब पुन्हा आले. ह्या खेपेला मी त्यांना अंगणातल्या सावलीत खुर्चीवर बसवून फक्त चेहरा घेतला. खरोखर लोण्यासारखा आला. नाक घराण्यात परत आलं. जाताना ते म्हणाले, “आता तुमच्या हाताला वळण आलं.” हात तोच होता. पण मी मान लववली.

बसलेल्या प्रतिष्ठितांपुरतं ते भिंग उत्तम चाललं. उभ्या जवानांचे त्यानं काढलेले दोन-तीन फोटो वर-खाली पुसट आले, तेव्हा मी जुनं वाक्य काढलं. जवान पुन्हा रजेवर आले, पुन्हा फोटो काढून गेले. त्यांचं काही अडलं नाही.

मग रहिमतपूरकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला. धाकटा भाऊ रजेवर आलाय, लग्न उरकलंय, परवा परत जाणार, फोटो काढायला या, आणि येताना ती तोफ आणा. मी गाडीनं रहिमतपूरला उतरलो, पुढं त्यांच्या बैलगाडीत. देखाव्याचं जुनं भिंग दुकानातच ठेवलं. पितळीच्या शेजारी ते नेणं मला कमीपणाचं वाटलं.

गोठ्याच्या भिंतीवर चादर ताणून जवानाला उभं केलं. बावीस-तेवीसचा, सावळा. नाक रुंद, नाकपुड्या फुललेल्या, आत्ताच पळून आल्यासारख्या. हसला की नाक आणखी पसरायचं. सगळी आळी जमली होती. त्याची आई माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईपाशी उकिडवी बसली.

“आवं, पाय येत्यात न्हवं?”

“येतात, मावशी.”

“दोनी?”

“दोन्ही.”

थोरला भाऊ म्हणाला, “पट्ट्याचा बिल्ला दिसला पायजे. नायतर हमालाचा फोटू वाटंल.”

“बुटाला त्याल लावलंय, ते चमाकलं पायजे,” आणखी कुणी म्हणालं. चेहऱ्याविषयी कुणाची मागणी नव्हती.

मी कॅमेरा सरकवत असताना जवान स्वतःच जवळ आला आणि दाराकडं पाठ करून हळू आवाजात बोलला. दारात चौकटीला धरलेली चार बोटं आणि हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसत होत्या.

“सायेब, माजं त्वांड नीट येऊ द्या.”

“येईल की.”

“न्हाई, सांगायचं कारन हाय. लगीन होऊन आठ दिस झालं. घरात आय हाय, दादा हाय. दिसाची ती मान वर करत न्हाई, अन् रातीला दिवा ठेवत न्हाईत. मी कसा दिसतो ते तिला ठावं न्हाई अजून. मी गेल्यावर फोटू तरी बगंल.”

“काळजी करू नका. जर्मन भिंग आहे.”

“जर्मन व्हय?” तो हसला. “त्येंच्याशीच तर गाठ हाय आमची. मग नेम चुकायचा न्हाई.”

मी काळं फडकं डोक्यावर घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर आणि डोकं खाली. मधोमध त्याच्या पट्ट्याचं बकल होतं, इतकं स्पष्ट की त्यावरचा शिक्का वाचावा. एका टोकाला बूट पाण्यात बुडाल्यासारखे. दुसऱ्या टोकाला चेहरा, धुक्यात पेटवलेल्या कंदिलासारखा. चेहरा साधायला गेलो तर बिल्ला जायचा, आणि तरीही चेहरा धड येत नव्हताच, कारण तो कडेला होता. खाली बसवून नुसता चेहरा घेतला असता तर सुरेख आला असता. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, ह्या भिंगानं उभा माणूस होत नाही, बसा, आणि पायांचा फोटो पुन्हा साध्या भिंगानं काढू. पण आळीसमोर, आईसमोर, त्या तोफेच्या मागं उभा राहून हे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी फडक्याखाली होतो. मला काय दिसलं ते कुणालाच दिसत नव्हतं. मी भिंगाचं टोपण काढलं, मनात एक-दोन म्हटलं आणि टोपण लावलं.

निघताना तो बैलगाडीच्या दांडीला धरून चार पावलं चालला. “उद्या दुपारच्या गाडीनं जानार मी. आजच धुऊन बगा. बिगाडला असंल तर सकाळच्याला निरोप धाडा, मी सातारला येतो. लाजू नगा.”

“धुतो आजच,” मी म्हणालो.

धुतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात युद्धनिधीच्या मंडळींचा सामुदायिक फोटो होता. चौदा जण आणि सात खुर्च्या. कोण बसणार आणि कोण मागं उभं राहणार ह्यावर मंडळी दीड तास झगडली. राजनिष्ठेचा एवढा जोर मी पुन्हा पाहिला नाही. एकानं तर लढाईत गेलेल्या पुतण्याच्या जोरावर खुर्ची मागितली, तेव्हा दुसऱ्यानं दोन भाचे काढले. शेवटी सगळे उभे राहिले आणि खुर्च्या तेवढ्या पुढं ठेवल्या. ती प्लेट मी लगेच धुतली. उत्तम आली होती. मधोमध खुर्च्या होत्या. तोवर दुपारची गाडी गेली होती.

जवानाची प्लेट तिसऱ्या दिवशी धुतली. बिल्ला झकास. चेहऱ्याच्या जागी एक ढग, ढगात मिशीची रेघ आणि दोन सावल्या.

तेव्हाही पत्र लिहून खरं सांगता आलं असतं. पुढच्या रजेला पुन्हा काढू, असं म्हणता आलं असतं. मी पेन्सिल उचलली. काचेवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे व्रण आणि सुरकुत्या घालवणं हे आमचं रोजचं काम. त्यात पाप वाटायचं कारण नव्हतं. डोळ्यांच्या कडा तेवढ्या उजळाव्यात, असं ठरवून बसलो. मग कागदावर छापल्यावर ब्रशनं बुबुळं भरली. बुबुळं भरल्यावर नाकावाचून चेहरा आंधळा वाटू लागला. नाकपुडीची सावली कशी पडते ते आठवेना, म्हणून दाढीचा आरसा समोर ठेवला. त्याचं रुंद नाक मला आठवत होतं. हे मी मुद्दाम लिहितो. आठवत होतं, पण हाताला काढता येत नव्हतं, आणि आरशात एक तयार नाक होतं. दोन तासांनी कागदावरून एक सरळ, बारीक नाकाचा देखणा जवान माझ्याकडं पाहू लागला. मला स्वतःच्या हाताचं कौतुकसुद्धा वाटलं.

फोटो द्यायला मी स्वतः गेलो. आईनं आधी बूट पाहिले. पुसट होते, पण दोन होते. भावानं बिल्ला पाहिला आणि मान डोलावली. बूट आणि बिल्ला आळीभर फिरून आल्यावर मग आईनं चेहऱ्याकडं पाहिलं.

“ल्योक माजाच हाय,” ती म्हणाली. “पर नाक...”

मी काही बोलायच्या आत थोरला म्हणाला, “फोटूत मानूस जरा येगळाच दिसतुया, आये.”

शेजारची म्हणाली, “पलटनीचं खानं लागलंय. कसा गोरा झालाय.”

फोटो दारापर्यंत गेला. हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तो घेतला आणि आत नेला. बराच वेळ परत आला नाही.

सहा-सात महिन्यांनी पलटणीकडून तार आली. तार त्या घरी गेली आणि तिची बातमी माझ्याकडं आली, थोरल्या भावाबरोबर. “मोठा करून द्या,” तो म्हणाला. “भितीवर लावायचाय.” मोठा करायचा म्हणजे ब्रश पुन्हा सगळीकडून फिरवायचा. लहान फोटोत जो थोडाफार मी होतो तो आता पुरता झालो. पुढच्या वर्षी त्याची आई गेली. त्या घरात त्या नाकाबद्दल शंका घेणारं एकच माणूस होतं, तेही संपलं.

लढाई संपून तीन-चार वर्षं झाली असतील. एका दुपारी एक बाई दुकानात आली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी दाराला पाठ टेकून उभी राहिली, नाकपुड्या फुललेल्या, आत्ताच पळून आल्यासारख्या. ती कुणाची, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

बाई उभीच राहिली. मी पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहत होतो. तीही माझ्याकडं पाहत होती, आणि मी मान वळवून प्लेटांची खोकी लावू लागलो.

“फोटू काढायला न्हाई आले,” ती म्हणाली. “एक इचारायचं हाय. जाऊबाय म्हनत्या, पोर बापाच्या तोंडावळ्याची न्हाई. भितीवरचा फोटू दावत्यात अन् हिचं नाक दावत्यात. येनाऱ्याजानाऱ्याला दावत्यात. दीर गप बसत्यात.”

“थोरल्यांना तरी भावाचं नाक आठवत असेल की.”

“आता त्येंनाबी फोटूच आठवतुया.” तिनं मुलीला पुढं घेतलं. “मी तर बगितलंच न्हाई. तुमी त्येंना उजेडात बगितलंय. तुमीच सांगा, हिचं नाक त्येंचं हाय का न्हाई?”

एका शब्दाचं उत्तर होतं. ते दिलं असतं तर ती लगेच म्हणाली असती, मग फोटोतलं कुणाचं? आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर, तेच नाक तोंडावर घेऊन उभा होतो.

“फोटोत माणूस जरा वेगळा दिसतोच, बाई,” मी म्हणालो.

तिनं मान खाली घातली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, “चल,” म्हणाली आणि गेली. वकीलसाहेबांनीही ह्या वाक्यानंतर हेच केलं होतं, पण त्यांच्या हातात निदान फोटो होता.

आता ती मुलगी लग्नाच्या वयाची झाली आहे. बघायला येणारी माणसं देवळीच्या वरचा फोटो बघतातच, आणि जाऊबाई अजून खणखणीत आहेत असं रहिमतपूरच्या बाजारात कळलं.

ती मूळ काच माझ्याकडं आहे. तिच्यावरची पेन्सिल टर्पेन्टाइननं पाच मिनिटांत निघते. खाली तोच ढग आहे, पण उजेडावर धरून नीट पाहिलं तर ढगात रुंद नाकाची सावली दिसते. मी ती पाहिलेली आहे. पेन्सिल अजून पुसलेली नाही.

त्या बाईला तिच्या नवऱ्याचा खरा चेहरा, पुसट आहे तसा छापून, मी देणं लागतो. आणि तो देताना तिच्या दिरासमोर आणि जावेसमोर उभं राहून सांगणं लागतो, की भिंतीवरचं नाक माझं आहे आणि मुलीचं नाक तिच्या बापाचं आहे. ह्यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.